ओर्व्हिएतो, गुडघे आणि चार आणे पायरी

गुरुवारी संध्याकाळी व्हॅटिकनहून परत आलो तेव्हा आईंचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१. संग्रहालयाची रांग, आतली संपता न संपणारी दालनं, मग सेंट पीटरच्या चौकातलं ऊन, हे सगळं त्यांनी चकार शब्द न काढता पार पाडलं. भाड्याच्या घरी आल्यावर मात्र न्हाणीघरातल्या बिडेत गरम पाणी आणि मूठभर मीठ घेऊन पाय सोडून बसल्या. (बिडे म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं बुटकं बेसिन, इटलीत जवळपास प्रत्येक घरात असतं. त्याचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.) तिथूनच हाक मारून म्हणाल्या, "माझं इटली झालं गं. उद्या तुम्ही चौघं जाऊन या त्या डोंगरावर."

तो डोंगर म्हणजे ओर्व्हिएतो. रोमच्या उत्तरेला, उंब्रिया प्रांतात, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या टफ दगडाचा एक प्रचंड कातळ आहे. चहूबाजूंनी कडे आणि सपाट माथ्यावर अख्खं गाव. फोटो पाहून नवरा म्हणाला होता, "हा तर गडच आहे, फक्त वर लोक राहतात." रोमनांच्या आधी इथे नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांचं शहर रोमनांनी इ.स.पू. २६४ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्यांना बोल्सेनाच्या तळ्याकाठी नेऊन बसवलं. पुढे मध्ययुगात ते पुन्हा नांदतं झालं. आम्हाला रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस या ठरलेल्या रांगेबाहेरचं असं एक तरी जुनं डोंगरी गाव बघायचं होतं. पण सोबत ७१ वर्षांचे गुडघे, १० वर्षांची मुलगी आणि कधीही "उचलून घे" म्हणू शकणारा ५ वर्षांचा मुलगा.

शुक्रवार मी घरात बसून काढला आणि बरं झालं. कारण तोवर आमचा बेत "काय काय बघायचं" असा होता. त्या दिवशी तो "किती पायऱ्या लागतील" असा झाला. वहीत दोन रकाने पाडले, चढ आणि बसायची जागा. चिवीता दी बान्योरेज्जो नावाचं फार देखणं गाव त्याच भागात आहे, पण तिथे जायला लांबलचक पादचारी पूल चढावा लागतो आणि दुसरा मार्ग नाही. काट. सान जिमिन्यानोला बस बदलत जायला लागतं. काट. ओर्व्हिएतोला मात्र रोमहून थेट गाडी, स्टेशनसमोर फनिक्युलर (दोराने डोंगरावर ओढली जाणारी गाडी), वर छोटी बस. आईंना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले आणि म्हणाल्या, "बस आहे म्हणतेस तर येते. पण मला कुणी घाई करायची नाही."

व्हिसाचं पुराण मोठं आहे, इथे दोनच ओळी. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसाची, फी आमच्या वेळी मोठ्यांना ८० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४० आणि ६ वर्षांखालच्यांना माफ होती. ११ जून २०२४ पासून ती ९० आणि ४५ झाली. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तो काढताना मी कटकट केली होती, पण गुरुवारी तो गुडघा बघून पहिल्यांदा त्या कागदांचा आधार वाटला. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे मुलांना त्यासाठी ताटकळत बसवावं लागत नाही.

शुक्रवारी रात्री आणखी एक काम केलं, संपांची यादी पाहिली. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात आणि तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारीखवार मांडलेले असतात. शब्द लक्षात ठेवा, 'शोपेरो'. हा शब्द आपल्या तारखेसमोर दिसला तर बेत पुढे ढकलावा. अशा दिवशीही कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात, पण म्हातारं माणूस आणि लेकरं घेऊन त्या हिशेबावर कुणी निघू नये. शनिवारी काही नव्हतं.

शनिवार, ११ मे २०२४. सकाळी दहाच्या सुमाराची प्रादेशिक गाडी. या गाड्यांना आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढलं म्हणून स्वस्त मिळत नाही. मोठ्यांना माणशी नऊ युरोंच्या आत, मुलांना निम्मं. मुलांच्या वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचे फोटो फोनमध्ये ठेवले होते, कुणी विचारलं नाही.

तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनात पहिली गंमत झाली. फलकावर ओर्व्हिएतो कुठेच दिसेना. नवरा खालून वर, मी वरून खाली वाचतोय. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन मोठ्या अक्षरात असतं आणि आमची गाडी फिरेन्झेची, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या फ्लॉरेन्सची. त्यामुळे तिकिटावरचा गाडी क्रमांकच फलकावर शोधायचा. दुसरी गंमत अशी, की फलाट होता '२ एस्त', म्हणजे पूर्वेकडचा. नाव ऐकून वाटतं दोन नंबरच्या शेजारी असेल. तो नेहमीच्या फलाटांच्या टोकाला चालत चालत जाऊन येतो. आम्ही ४० मिनिटं आधी पोचलो होतो म्हणून निभावलं. आई दोनदा बसल्या, एकदा बाकावर, एकदा आमच्याच सॅकवर. इटलीतल्या मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाचा मदत कक्ष असतो, आधी कळवलं तर वृद्धांना चाकाच्या खुर्चीतून गाडीपर्यंत फुकट नेतात. मला हे शुक्रवारी रात्री अकराला कळलं, म्हणजे वेळ निघून गेल्यावर. तुम्ही आधी कळवा.

कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात ते घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं, ही आपली समजूत इथे महागात पडते. बिनशिक्क्याचं तिकीट दंडाला पात्र. जाताना आम्ही पाचही तिकिटांवर शिक्के मारले, मुलाने स्वतःच्या हाताने. येतानाची गोष्ट पुढे येईल.

सव्वा तासाचा प्रवास. ओर्ते गेलं की डबा रिकामा होतो आणि डोंगर जवळ सरकायला लागतात. अकरा-साडेअकराच्या दरम्यान उतरलो. खालच्या वस्तीला ओर्व्हिएतो स्कालो म्हणतात, तिथे बघण्यासारखं काही नाही आणि ते ठीकच आहे, कारण स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फनिक्युलरचा दरवाजा. रस्ता ओलांडला की पोचलो. आमच्या वेळी तिकीट १.३० युरो, त्यातच वरची बसही येते, पण नव्वद मिनिटांच्या आत. म्हणजे वर जाऊन चहापाणी करून मग बस पकडू म्हटलं तर तिकीट गेलं. दर दहा मिनिटांनी डबा सुटतो.

ही फनिक्युलर मूळची १८८८ ची. तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि दोराने खालच्याला वर खेचायचा. १९७० मध्ये ती बंद पडली, १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. हे मी मुलीला समजावून सांगत होते, तर आईच म्हणाल्या, "मोटच की ही. बैल वजनाने खाली जातो, पाणी वर येतं." मग माझं समजावणं तिथेच थांबलं. डबा झाडीतून जातो, शेवटी किल्ल्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो आणि दोन-तीन मिनिटांत वर, पियाझ्झा काहेन या चौकात.

तिथे एक छोटी 'ए' बस उभी असते, ती थेट दुओमोच्या, म्हणजे गावच्या मुख्य चर्चच्या, चौकात नेते. आमच्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. बसने वर, गावाच्या मध्यात जायचं आणि मग कोर्सो काव्हूर या मुख्य रस्त्याने उताराला लागून हळूहळू पुन्हा फनिक्युलरपाशी यायचं. बरीच मंडळी उलट करतात, पायी चढत जातात आणि चर्चपाशी पोचेपर्यंत घामाघूम होतात. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत, बाबागाडीची चाकं त्यात अडकतात, सपाट तळाच्या चपलेने तर पाय दुखतातच. आईंनी साडीखाली स्पोर्ट्स शूज घातले होते. पुण्यात त्यांनी हे कधीही मान्य केलं नसतं.

बसमधून उतरलो आणि बाराचे ठोके पडायला लागले. चौकाच्या कोपऱ्यावर मॉरित्सियोचा मनोरा आहे, त्यावर ब्राँझचा एक माणूस हातोड्याने घंटेवर ठोके देतो. चौदाव्या शतकापासून त्याची ड्यूटी चालू आहे. मुलगा अवाक् झाला. पुढचे अडीच-तीन तास दर पंधरा मिनिटांनी "तो परत कधी मारणार?" हा प्रश्न आला.

आणि समोर दुओमो. मी फोटो पाहून गेले होते, तरी गल्लीतून अचानक ती भिंत पुढ्यात आली तेव्हा दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. दर्शनी भाग सोन्याच्या मोझाइकने चमकत असतो, लोरेंझो मायतानी याने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आखला. पण मला जास्त आवडल्या बाजूच्या भिंती, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. पांढरा ट्रॅव्हर्टाइन आणि काळा बसाल्ट. बसाल्ट म्हणजे आपलाच काळा पत्थर, ज्यात आपली लेणी कोरली आणि ज्याचे गड बांधले. त्याला झेब्र्यासारखं मांडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं. त्यामागची श्रद्धा अशी, की १२६३ मध्ये जवळच्या बोल्सेनात प्रार्थना चालवताना एका शंकेखोर धर्मगुरूच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून रक्त ठिबकलं. ते रक्त पडलेलं वस्त्र इथे जपून ठेवलं आहे. आईंनी त्या वस्त्रापुढे हात जोडले.

तिकीट चर्चच्या दारात मिळत नाही, बाहेर चौकातल्या खिडकीवर घ्यावं लागतं. आम्ही आधी दारापर्यंत जाऊन परत आलो. खांदे झाकलेले हवेत, पदराचा उपयोग झाला, मला मात्र पिशवीतून ओढणी काढावी लागली. आत खुर्च्या आहेत. आई पाऊण तास बसल्या.

उजव्या हाताच्या सान ब्रिझियो चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात जगाचा शेवट रंगवला आहे. सुरुवात फ्रा आंजेलिकोने पन्नास वर्षं आधी केली होती. मुलांना हे दाखवावं की नाही, यावर आमचं दारातच कुजबुजत भांडण झालं. एका भिंतीवर मेलेली माणसं जमिनीतून वर येतात, काही अजून नुसते सांगाडे आहेत. दुसऱ्या भिंतीवर हिरव्या-जांभळ्या कातडीचे सैतान पापी लोकांना पिळवटताहेत. शेवटी गेलो. मुलाने सांगाड्यांकडे बघून विचारलं, "यांना कपडे कधी मिळणार?" मुलगी मात्र आजीला चिकटली. आईंनी तिला शांतपणे सांगितलं, "आपल्याकडेही असतं गं, रौरव म्हणतात. उकळत्या कढयांचा कुंभीपाक म्हणतात. लहानपणी आम्हाला सांगायचे खोटं बोललं की." पोरगी जरा सैल झाली. भित्र्या मुलांना घेऊन जाणार असाल तर डाव्या बाजूला काळ्या कपड्यांतले दोन गंभीर बाबा शोधा. तो सिन्योरेल्ली आणि त्याच्या मागे फ्रा आंजेलिको, स्वतःच्या चित्रात येऊन उभे राहिले आहेत. त्यांना शोधण्यात भीती विसरली जाते.

इथे आम्ही रमलो आणि दुपारच्या जेवणाची वाट लागली. बाहेर आलो, मातीच्या रंगीत भांड्यांची दुकानं पाहिली, एक वाटी घेतली, आणि ठरवून ठेवलेल्या खानावळीत पोचलो तेव्हा दोन चाळीस झाले होते. ओर्व्हिएतोची खासियत म्हणजे उंब्रिकेल्ली, हाताने वळलेल्या जाडसर शेवया, त्या खाण्यासाठी मी आठवडाभर आसुसले होते. दारातल्या बाईंनी हसून मनगटावर बोट ठेवलं. स्वयंपाकघर अडीचला बंद, आता साडेसातला. पुढच्या दोन ठिकाणी तेच. दोष आमचाच, इटलीतल्या छोट्या गावात जेवायची वेळ म्हणजे साडेबारा ते दोन, त्यानंतर गाव झोपतं, दुकानंही बंद होतात.

शेवटी एका बारमध्ये टोमॅटो-मोझरेल्लाचे सँडविच आणि कॉफी. 'बार' शब्दाला बिचकू नका, तिथे कॉफी, पाव, आइसक्रीम सगळं मिळतं, शिवाय स्वच्छतागृह. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर वेगळा. शाकाहारी असाल तर 'सेन्झा कार्ने', मांस नको, एवढ्यावर भागत नाही, कारण डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे रश्शात असले तर ते अनेकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. पदार्थ दाखवून विचारा. आणि परमेसान चीज वासराच्या रेनेटने (पोटातल्या, दूध विरजणाऱ्या द्रव्याने) करतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी तेही सांगावं. आईंनी हा सगळा गोंधळ बघून पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चौकातल्या बाकावर बसून त्या खाल्ल्या. माझ्या उंब्रिकेल्ली राहिल्या त्या राहिल्याच.

उताराने रमतगमत चारच्या सुमाराला पियाझ्झा काहेनपाशी आलो. सान पात्रिझियोची विहीर इथेच, फनिक्युलरला लागून. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेभान फौजेने रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ओर्व्हिएतोला आला. कड्यावरचं गाव शत्रूला चढता येत नाही, पण वेढा पडला तर पाणी कुठलं? आपल्या गडकऱ्यांचाही कायमचा प्रश्न हाच. त्याने सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खणायला लावली आणि ती १५३७ मध्ये, पुढच्या पोपच्या काळात, पुरी झाली. खोली पन्नास मीटरांहून जास्त, रुंदी १३ मीटर. भिंतीतून दोन सर्पिल जिने जातात, प्रत्येकी २४८ पायऱ्या, एकमेकांभोवती गुंडाळलेले पण कुठेही न भेटणारे. पाणी वाहणारी खेचरं एकाने उतरायची, तळाच्या पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्याने चढायची. वाटेत समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही.

माझ्या वहीत या विहिरीसमोर "आई बागेत बसतील" असं लिहिलेलं होतं. शेजारीच एट्रुस्कन देवळाचा जुना चौथरा आहे, सावली आहे, बाकं आहेत. पण आईंचं माहेर लिंबजवळचं, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथली बारा मोटांची विहीर त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. विहीर म्हटल्यावर त्या बाहेर बसतील, असं मला वाटलंच कसं कुणास ठाऊक.

"माझंही तिकीट काढ," म्हणाल्या.

"आई, २४८ आहेत. उतरल्यावर तेवढ्याच चढायच्या."

"मला वाचता येतं. झेपेल तेवढं जाते, फिरते माघारी."

पाच युरो. पायऱ्या खेचरांसाठी केलेल्या, म्हणून रुंद आणि बुटक्या, गुडघ्याला तशा सोप्या. पण ओलसर, आणि कठड्याला धरायला सगळीकडे काही नाही. नवरा त्यांच्या हाताला धरून, मी मुलांना घेऊन पुढे. पहिल्या खिडकीपाशी आई थांबल्या. भिंतीत अशा सत्तर खिडक्या आहेत, त्यांतून आतल्या पोकळीत डोकावता येतं. खाली अंधार, मधोमध पाण्याचा एक चकाकता ठिपका, पलीकडच्या खिडक्यांत माणसं वर-खाली जाताना दिसत होती. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे बैल वर राहायचा आणि पाणी वर यायचं. यांनी जनावरालाच खाली धाडलं." आणि वळल्या.

आम्ही तळापर्यंत गेलो. खाली भर मेमध्ये गारठा, पाण्यात लोकांनी टाकलेली नाणी. इटालियन बोलीत कधीच न आटणाऱ्या गोष्टीला सान पात्रिझियोची विहीर म्हणतात, आपल्या द्रौपदीच्या थाळीसारखं. चढताना मात्र माझाच दम आटला. मुलाला शेवटच्या टप्प्यात उचलावं लागलं, मुलीच्या मोजणीत पायऱ्या २४६ भरल्या आणि ती पाटीवरच्या आकड्याशी भांडायला तयार होती.

वर आई देवळाच्या चौथऱ्याशेजारी बसलेल्या. "मी वीस पायऱ्या उतरले," म्हणाल्या. "पाच युरोला वीस. पायरीला चार आणे पडली." आणि खूश दिसत होत्या.

किल्ल्याची बाग फुकट आहे, तिथून खालची पाल्या नदीची दरी दिसते. साडेपाचला फनिक्युलरने खाली आलो. गाडी २५ मिनिटं उशिरा, फलकावर 'रितार्दो' समोर आकडा वाढत गेला. त्या वाट बघण्यात तिकिटांवर शिक्का मारायचा राहिलाच. गाडी सुटल्यावर लक्षात आलं. अशा वेळी गप्प बसू नये. तिकीट तपासनीस आपल्यापर्यंत येण्याआधी आपण त्यांना गाठून चूक सांगावी. नवरा दोन डबे ओलांडून गेला. त्या बाईंनी पेनाने तारीख-वेळ लिहून दिली, दंड घेतला नाही. प्रत्येक वेळी असंच होईल असं मी म्हणणार नाही.

पाच जणांचा दिवसाचा खर्च, गाडी, फनिक्युलर, तिकिटं, खाणं आणि ती मातीची वाटी धरून १७० युरोंच्या आसपास गेला. रात्री गुडघ्याला पुन्हा बिडे, पण सूज गुरुवारपेक्षा कमी होती.

गाडीत मुलं झोपली होती. ओर्ते येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "काय रे, आपल्या लिंबच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत?"

त्याला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं.